हृदयाच्या व्हॉल्व्हचं (झडपेचं) ऑपरेशन: रक्त चढवण्याबाबतच्या या चुका टाळा

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरचे रक्तदाते शोधायला धावतात. पेशंटचं हिमोग्लोबिन किती आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. पहिली चूक इथेच होते.

संधिवाताच्या तापामुळे मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेल्या कित्येक बायका ९ च्या हिमोग्लोबिनवर टेबलावर जातात. साधा हिशेब करून बघा. ४५ किलोच्या बाईच्या अंगात साधारण ३ लिटर रक्त असतं. ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरायला १.२ लिटर द्रावण लागलं, तर ते रक्तात मिसळून ९ चं हिमोग्लोबिन ६.४ वर येतं. सुरुवात १२ ने झाली असती तर ते ८.६ वर थांबलं असतं, आणि बहुधा पिशवी लागलीच नसती. म्हणून तारीख ठरते त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोहाच्या गोळ्यांना महिना-दीड महिना तरी लागतो. तेवढी सवड नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग झाला असेल तर ते टाळतात. वयस्कर माणसाचा एऑर्टिक व्हॉल्व्ह आकसला असेल तर शौचाला काळी होते का, हेही विचारा. या आजारात आतड्यातून नकळत रक्त जाऊ शकतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत दोन्ही बाजूंनी चुका होतात. साधारणपणे वॉर्फरिन ५ दिवस, असेनोकुमॅरॉल ३ दिवस आणि क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी थांबवतात. ते विसरलं तर रक्तस्राव वाढतो. पण आधीचा धातूचा व्हॉल्व्ह असलेल्याने स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते. मधल्या दिवसांत हेपारिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) द्यायचं का, हे सर्जनलाच ठरवू द्या.

“भावाचंच ताजं रक्त द्या”

हा आग्रह प्रेमापोटी असतो, पण तो जिवावर बेतू शकतो. जवळच्या नातेवाइकाच्या पेशी पेशंटच्या पेशींशी इतक्या जुळतात की शरीर त्यांना परकं समजून मारत नाही. मग दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटवरच उलटतात. साधारण आठवड्या-दीड आठवड्याने ताप, अंगभर लाल पुरळ आणि जुलाब सुरू होतात, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बंद पडते. यातून वाचणारे फारच थोडे. जपानमध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर ताजं रक्त दिलेल्या रुग्णांतच हा प्रकार ठळकपणे दिसला होता. भावाने रक्तदान जरूर करावं, पण ती पिशवी दुसऱ्या कोणासाठी जावी. नाइलाजाने नात्यातलंच रक्त द्यावं लागलं, तर या पांढऱ्या पेशी निकामी करणारा किरणांचा मारा (इरॅडिएशन) देऊनच घ्या. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर त्याला पर्याय नाही.

आकडा बघून पिशवी लावणं

हिमोग्लोबिन ८.५ आलं, रक्तस्राव नाही, लघवी व्यवस्थित आहे, तरी “१० करून टाकू” म्हणत दोन पिशव्या मागवल्या जातात. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त कधी द्यावं हे तपासणाऱ्या २०१७ च्या ट्रिक्स-३ अभ्यासात व्हॉल्व्हचे रुग्णही होते. ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं म्हणून मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा डायलिसिस वाढले नाहीत. मोठ्या माणसात एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. एक द्या, तपासा, मगच दुसरीचं बघा. जोरात रक्तस्राव चालू असेल तर मात्र आकड्याची वाट बघायची नाही.

आकसलेल्या मायट्रल व्हॉल्व्हमागे फुप्फुसात आधीच दाब साठलेला असतो. त्यात पिशवी तासाभरात ओतली की फुप्फुसात पाणी भरतं. अशा पेशंटला ती ३ ते ४ तासांत द्यावी, ४ तासांपुढे लांबवू नये. त्याच नळीत रिंगर लॅक्टेट किंवा डेक्स्ट्रोज सोडू नये. फक्त नॉर्मल सलाईन चालतं.

पहिली १५ मिनिटं सावकाश रक्त सोडून नर्सने खाटेजवळच थांबावं. पिशवीवरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्तगट दोघांनी मनगटाच्या पट्टीशी ताडावा. फाइलशी ताडणं पुरेसं नाही, कारण शेजारच्या खाटेची फाइल हातात येते.

धाप लागली तर आधी रक्त बंद करा, शीर सलाईनवर चालू ठेवा. बीपी वाढलेलं आणि मानेच्या शिरा फुगलेल्या असतील तर बहुधा पाणी जास्त झालंय, लघवी वाढवणाऱ्या फ्रुसेमाइडने उतार पडतो. बीपी पडलेलं, ताप आणि ६ तासांच्या आत दम लागला असेल, तर दात्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी (अँटीबॉडींनी) फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. तिथे ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर लागतो. फ्रुसेमाइडने बीपी आणखी पडेल. दोन्ही वेळी पिशवी नळीसकट रक्तपेढीकडे परत पाठवा, कचऱ्यात टाकू नका.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा घसरतंय आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर नुसत्या पिशव्या लावत बसू नका. व्हॉल्व्हच्या कडेने गळती होऊन तांबड्या पेशी फुटत असतील. एलडीएच (पेशी फुटल्यावर वाढणारी रक्तातली तपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.