बेसबॉल: तरुण आउटफिल्डरला (मैदानाच्या मागच्या भागातल्या फिल्डरला) रोज खेळवायचं का? या चुका टाळा

दर एप्रिलमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच: "हा नवा पोरगा दहा सामन्यांत .350 मारतोय, याला रोज का खेळवत नाहीत?" मे उजाडला की त्याच पोराबद्दल तोच माणूस म्हणतो, "याच्यात दम नाही, खालच्या लीगमध्ये पाठवा." कळकळीनं सांगतो, या घाईपायी चांगल्या पोरांवर अन्याय होतो आणि कच्च्या पोरांचं नुकसान.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नुसतं बॅटिंग ॲव्हरेज बघणं, म्हणजे दर ॲट-बॅटला (वॉक वगैरे सोडून मोजलेल्या पाळीला) किती हिट; .350 म्हणजे हजारात 350. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून आपण आणखीच फसतो. बॅटला लागलेला चेंडू दोन फिल्डरच्या मधून निघाला की थेट ग्लव्हमध्ये गेला, यात नशीब फार. ते धुऊन निघायला एक अख्खा सीझनही कमी पडतो. स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइक होऊन बाद) अंदाज मात्र साठेक प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटरच्या एकूण पाळ्या) येऊ लागतो, वॉकचा (चार चेंडू बाहेर पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) साधारण दुप्पट वेळात.

2005 साली मी अटलांटात होतो. जुलैमध्ये तिथल्या ब्रेव्ह्ज संघानं आउटफिल्डर जेफ फ्रँकूरला खालच्या लीगमधून वर, मुख्य संघात आणलं. एकवीस वर्षांचा, अटलांटाच्याच उपनगरात वाढलेला, पहिल्याच सामन्यात होम रन. सगळं शहर त्याच्यामागे वेडं झालं, मीही. मी तेव्हा स्कोअरबुक भरायचो. ऑगस्टमध्ये एका रात्री मागची पानं चाळताना दिसलं की त्याच्या ओळीत हिट आहेत, होम रन आहेत, स्ट्राइकआउट आहेत, पण वॉक एकही नाही. पहिला वॉक मिळायला त्याला महिन्याहून जास्त लागला. सीझन संपला तेव्हा 70 सामन्यांत .300 आणि 14 होम रन. पण 58 स्ट्राइकआउटना वॉक फक्त 11. पुढच्या वर्षी तो सगळे 162 सामने खेळला, 29 होम रन मारले आणि ऑन-बेस पर्सेंटेज (हिट, वॉक धरून किती वेळा बेसवर पोचला) राहिलं .293. पिचर मंडळींना कळून चुकलं होतं की हा बाहेरच्या चेंडूलाही हात घालतो. त्याचा थ्रो अफलातून होता, 2007 मध्ये उत्तम फिल्डिंगचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही मिळाला. तरी 2008 च्या जुलैत त्याला काही दिवस डबल-एला (दोन पायऱ्या खालच्या लीगला) पाठवावं लागलं.

तेव्हापासून माझ्या वहीत ॲव्हरेजचा रकानाच नाही. दोन स्ट्राइक असताना बाहेर जाणारा स्लायडर (शेवटी आडवा वळणारा चेंडू) पोरानं सोडला की समासात एक टिंब देतो. महिनाभरात टिंबं वाढत गेली तर माझं मत त्याच्या बाजूनं, मग ॲव्हरेज .220 का असेना.

उलटी चूकही तितकीच वाईट. 2011 मध्ये आउटफिल्डर माइक ट्राउट 40 सामन्यांत .220 वर होता, पुढच्या वर्षी .326, 30 होम रन आणि एकमतानं रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू). दुसरा आउटफिल्डर ॲरन जज, त्यानं 2016 मध्ये 84 ॲट-बॅटमध्ये 42 स्ट्राइकआउट केले, म्हणजे बरोबर निम्मे. माझ्याच कसोटीवर तो नापास. 2017 मध्ये त्यानं 52 होम रन मारले आणि 127 वॉक घेतले. म्हणून स्ट्राइकआउटचा आकडा मी आजची तब्येत म्हणून वाचतो, जन्मपत्रिका म्हणून नाही.

स्प्रिंग ट्रेनिंगचे (सीझनआधीच्या सराव सामन्यांचे) आकडे विसरा. पिचर तिथे नव्या प्रकारचे चेंडू टाकून बघत असतात.

आल्बुकर्की, रेनोसारख्या उंचावरच्या ट्रिपल-ए (मुख्य लीगच्या एक पायरी खालच्या) मैदानांवर चेंडू लांब जातो. तिथले होम रन सूट देऊन मोजा.

डावखुऱ्या पोराला फक्त उजव्या पिचरसमोर खेळवून "हा रोजचा माणूस" म्हणू नका. डावखुऱ्या बॅटरला जास्त जड जाणारे डावखुरे पिचरही त्याला झेलू द्या, निदान दोन महिने. हे टाळणारा मॅनेजर मला पटत नाही.

राहिली फिल्डिंग. वेग म्हणजे फिल्डिंग नव्हे. मी स्टेडियममध्ये सेंटर फिल्डच्या (आउटफिल्डच्या मधल्या भागाच्या) मागचं स्वस्त तिकीट काढतो आणि एक अख्खी इनिंग चेंडूकडे बघतच नाही, फक्त पोराच्या पायांकडे बघतो. बॅटचा आवाज आला की पहिलं पाऊल कुठे पडतं? पुढे येऊन मग मागे धावणारा पोरगा कितीही चपळ असो, सेंटरला उभं करण्याआधी मी त्याला अजून सहा महिने देईन.