लघवीची स्ट्रिप फोनच्या कॅमेऱ्यानं वाचताना

लघवी तपासायच्या स्ट्रिपवर रसायनं लावलेले छोटे चौकोन, म्हणजे पॅड, असतात; लघवीत ग्लुकोज, प्रोटीन वगैरे असेल तर त्यांचा रंग बदलतो. डबीवरच्या रंगतक्त्याशी स्ट्रिप डोळ्यानं जुळवायला गेलं, की एकाच पॅडला दोन माणसं दोन उत्तरं देतात. फोन वापरावासा वाटतो तो त्यामुळेच. पण फोनचा कॅमेरा रंग मोजण्यासाठी बनलेला नाही. फोटो छान दिसावा म्हणून तो दर वेळी पांढरा कुठला ते स्वतः ठरवतो, उजेड कमीजास्त करतो, फिके रंग गडद करतो. स्ट्रिपचं उत्तर मात्र फिकट पिवळा की फिकट हिरवा, एवढ्याशा फरकात असतं. तो फरक जपायचा तर कॅमेऱ्याची ही हुशारी बंद करावी लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

आधी उजेड. साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि २० सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि आतून चकाकी नसलेला पांढरा कागद लावा. वरच्या बाजूला लेन्सपुरतं भोक पाडा. समोरासमोरच्या दोन भिंतींवर यूएसबीवर चालणाऱ्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावून त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणा. प्रकाश साधारण ४५ अंशातून पडायला हवा, कारण भिजलेलं पॅड चकाकतं; वरून थेट उजेड पडला तर पॅडच्या मधोमध पांढरा डाग येतो आणि आपण रंगाऐवजी तोच डाग मोजत बसतो. फ्लॅश नको तो याच कारणासाठी. पट्ट्यांना वीज पॉवर बँकेतून द्या, आणि त्या पाच मिनिटं आधी चालू करून ठेवा.

खोक्याच्या तळाशी, स्ट्रिपच्या शेजारी, पांढरा संदर्भ कायमचा चिकटवा. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आठ-दहा थर देऊन गुंडाळली, की काम होतं. साधा छपाईचा कागद टाळा. त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि उजेड बदलला की त्याचा पांढराही बदलतो.

कॅमेरा प्रो मोडमध्ये (सेटिंग हातानं लावता येतात तो) ठेवा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स (पांढरा कुठला ते ठरवणारी सेटिंग) ५००० केल्विनच्या आसपास कायम, फोकस हातानं लावलेला. एचडीआर, नाइट मोड आणि फिल्टर बंद. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. शटर असं ठरवा, की टेफ्लॉनचे हे आकडे २२० ते २३५ येतील. एखादा २५५ ला टेकला, तर त्यापलीकडचा सगळा उजेड गेला. असा फोटो निरुपयोगी. आणखी एक खोड: फार जवळ नेलं, की काही फोन न विचारता मॅक्रोसाठी दुसरा कॅमेरा वापरतात. त्याचा सेन्सर वेगळा, रंगही वेगळे. ते आपोआप बदलणं बंद करा.

आता ग्लुकोजच्या पॅडसाठी रंगतक्ता स्वतः बनवा. निर्जल ग्लुकोज १ ग्रॅम (डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट असेल तर १.१ ग्रॅम) डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १०० मिलिलिटर करा; हे झालं १००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्यात तितकंच पाणी घातलं की ५००, पुन्हा तसंच केलं की २५०. त्या २५० मधले ४० मिलिलिटर घेऊन ६० मिलिलिटर पाणी घाला, की १००. द्रावण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणा. ही रात्र चुकवू नका: पॅडमधलं एन्झाइम ग्लुकोजच्या बीटा रूपावरच काम करतं, आणि ताज्या द्रावणात ते रूप हळूहळू संतुलनाला येतं. नुसतं पाणी आणि घरातल्या साध्या साखरेचं (ती ग्लुकोज नव्हे, सुक्रोज) पाणी हेही तपासा. दोन्हींवर रंग बदलता कामा नये.

प्रत्येक द्रावणावर तीन स्ट्रिप वापरा. पॅडच्या मधल्या निम्म्या भागाचे लाल, हिरवा आणि निळा आकडे काढा (कडा सोडा, तिथे रंग साचतो) आणि टेफ्लॉनच्या त्याच आकड्यांनी भागा. कुठला आकडा पायरीपायरीनं घसरतो ते दिसेल. त्याचाच आलेख काढा. प्रोटीनच्या पॅडवर पिवळ्याचा हिरवा होतो, तिथे लाल आकडा पडतो. डबीचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की आलेख नवा. पाण्यावरच्या या आलेखानं कॅमेरा ठीक आहे एवढंच कळतं. दाट लघवीत ग्लुकोजचं पॅड मंद चालतं, म्हणून उत्तर आकड्यात न देता डबीवरच्या टप्प्यांतच द्या.

प्रत्यक्ष तपासणीत मधल्या धारेची (सुरुवातीची धार सोडून), दोन तासांच्या आतली लघवी घ्या आणि हलवून एकजीव करा. हातमोजे घाला. स्ट्रिप एका सेकंदात बुडवून काढा, कड भांड्याच्या काठावर ओढून जादा थेंब निथळू द्या आणि स्ट्रिप आडवीच ठेवा. उभी धरली, तर प्रोटीनच्या पॅडमधलं आम्ल शेजारच्या पीएचच्या पॅडवर ओघळतं आणि पीएच खोटाच कमी दिसतो. बुडवताक्षणी घड्याळ लावा. बऱ्याच स्ट्रिपांवर ग्लुकोज ३० सेकंदांनी, प्रोटीन, रक्त व नायट्राइट ६० सेकंदांनी, पांढऱ्या पेशी १२० सेकंदांनी वाचतात. तुमच्या डबीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. त्यानंतरचे रंग बदलतच राहतात, त्यांना अर्थ नाही.

फोटो बिनचूक असूनही उत्तर चुकू शकतं. व्हिटॅमिन सी जास्त घेतलं असेल, तर ग्लुकोज आणि रक्त असूनही पॅड कोरं राहू शकतं. लघवी फार अल्कधर्मी असेल तर प्रोटीन नसताना दिसतं. लघवी मूत्राशयात चारेक तास थांबली नसेल, तर जंतुसंसर्ग असूनही नायट्राइट येत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखं मधुमेहाचं औषध चालू असताना लघवीत भरपूर ग्लुकोज येतं. उलट, रक्तातली साखर (ग्लुकोज) साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, म्हणून कोऱ्या पॅडवरून मधुमेह नाही असं कुणालाही सांगू नका. प्रोटीन दोनदा आलं तर प्रयोगशाळेत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासून घ्यायला सांगा.

डबी उघडली की स्ट्रिप काढून लगेच घट्ट बंद करा. दमट हवेनं पॅड वापराआधीच रंग बदलतात. फोटो मेसेजिंग ॲपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते ॲप तो दाबून रंग बिघडवतं. फाइलला रुग्णाचं नाव न देता क्रमांक द्या आणि फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवा.