चित्रकलेचा विभाग उघडण्याआधी

पुस्तकं मागवण्याच्या आधी कपाट मोजा. ग्रंथालयातली नेहमीची लोखंडी मांडणी नऊ-दहा इंच खोल असते. कादंबऱ्या आणि क्रमिक पुस्तकं तिच्यात छान बसतात, चित्रांचं पुस्तक मात्र चार बोटं बाहेर राहतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा त्याला लागत राहतो आणि वर्षभरात ते पुठ्ठ्यापासून सुटतं. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याला १४ ते १५ इंच खोलीच्या फळ्या सांगा आणि दोन फळ्यांमध्ये १६ इंच उंची ठेवा. खालचे दोन खण आडव्या पुस्तकांसाठी राखा. फार मोठी, जड पुस्तकं उभी ठेवली की स्वतःच्याच वजनाने शिवणीतून खाली ओढली जातात. ती आडवीच ठेवावीत आणि एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. तळाची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर हवी. कपाट आणि भिंत यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट सोडा, कारण मी कोकणातल्या कॉलेजातून लिहितो आहे आणि इथली पश्चिमेची भिंत जुलैत रडते.

पावसाची तयारी एप्रिलमध्येच करायची. चित्रांची पुस्तकं बहुधा आर्ट पेपरवर छापलेली असतात. त्या कागदावर खनिजाचा गुळगुळीत लेप असतो, त्यामुळे रंग उठून दिसतात. पण तो लेप ओला झाला की त्याचा डिंक होतो. एका पावसाळ्यात शनिवारी रात्री आमच्याकडे खिडकीच्या चौकटीतून पाणी आलं आणि लघुचित्रांचं एक पुस्तक सोमवारी दुपारी सापडलं, वरून जवळपास कोरडं. मी ते मधोमध उघडायला गेलो, तर आधी चर्र आवाज आला आणि मग कृष्णाच्या अंगाचा निळा रंग समोरच्या मजकुरावर उमटून आला. चित्राच्या जागी पांढरा, लवदार कागद उरला. तेव्हापासून यादीत हे कायम आहे: खिडक्यांच्या झडपा, छताचे पन्हळ, कपाटाच्या वरच्या खणावर जाड प्लास्टिक, आणि हाताशी टीपकागद व बटरपेपरचा गठ्ठा. असं पुस्तक भिजलं तर मिटून वाळू देऊ नका. त्याच दिवशी, ओलं असतानाच, पानापानात बटरपेपर घालून पंख्याखाली धरा. एकदम वीस-पंचवीस पुस्तकं भिजली तर तेवढे हात नसतात. अशा वेळी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवली तर पुढची कामं सवडीने करता येतात. त्यासाठी गावातल्या आइसक्रीमवाल्याशी किंवा कोल्ड स्टोरेजवाल्याशी आधीच बोलून ठेवावं. विचारताना संकोच वाटतो, पण माणसं नाही म्हणत नाहीत.

आता यादी. बहुतेक ठिकाणी ती प्रकाशकाच्या कॅटलॉगवर खुणा करून तयार होते. लिओनार्दो, मायकेलँजेलो, इम्प्रेशनिस्ट, पिकासो असं चकचकीत जग एका बिलात येतं आणि अनुदान संपतं. ही पुस्तकं हवीतच. आमच्या मुलांनी पॅरिस पाहिलेलं नाही, मोठ्या छपाईतला रेम्ब्रांट त्यांना पहिल्यांदा इथेच भेटतो. पण माझं मत स्पष्ट आहे: जे उद्याही मिळेल ते उद्या घ्या, जे पुन्हा मिळणार नाही ते आज जमवा. रेम्ब्रांटचं पुस्तक पुढच्या वर्षीही छापलं जाईल. तालुक्याच्या सभागृहात चार दिवस भरलेल्या प्रदर्शनाची घडीची पत्रिका सोमवारी रद्दीत जाते.

हातचं कायमचं जाण्याची ही भीती जुनी आणि खरी आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून अनेक वर्षं राबून केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून लेण्यांत बसले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५मध्ये लंडनमधल्याच आगीत गेल्या. आज त्या कामाचं जे रूप सहज पाहता येतं, ते १८९६-९७मध्ये निघालेल्या दोन खंडांत आहे. मूळ खंड आपल्या आवाक्यात नाहीत, पण त्यांची स्कॅन केलेली प्रत इंटरनेटवर मिळते. ती उतरवून घ्या, निवडक चित्रं चांगल्या कागदावर छापून पेटीत ठेवा. अजिंठ्याच्या सहलीला जाण्याआधीच्या आठवड्यात ही पेटी हमखास बाहेर निघते.

म्हणजे खरेदीच्या आधी जमवाजमव. जहांगीर आर्ट गॅलरीत जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या हातात एक जाड लिफाफा द्या आणि दिसेल ती पत्रिका आणायला सांगा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासून आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनाचा जुना कॅटलॉग कुणाकडे निघाला तर झेरॉक्सवर समाधान न मानता मूळ प्रत मागा. ललित कला अकादमीच्या चित्रकारांवरच्या छोट्या पुस्तिका आणि ‘मार्ग’चे जुने अंक रद्दीवाल्याकडे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात अजून सापडतात. ‘मार्ग’ १९४६मध्ये मुंबईत सुरू झालं, त्यामुळे निवृत्त शिक्षकांच्या घरी माळ्यावर त्याचे दहा-वीस अंक असणं काही नवल नाही.

दिवाळी अंक वेगळे बाजूला काढा. आपण ते कथा-कवितांसाठी जपतो, पण दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रं महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली ती मुखपृष्ठांवरून आणि कॅलेंडरांवरून. ज्या घरात एकही चित्र विकत आणलं गेलं नाही, तिथेही भिंतीवर मुळगावकर होतेच. अक्षररचनाकार कमल शेडगे यांच्या अक्षरांतल्या नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रातच राहिल्या. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुकडे होतो, म्हणून कात्रण मिळालं की त्याच दिवशी स्कॅन करा आणि मूळ तुकडा आम्लविरहित पाकिटात ठेवा. उपयोजित कलेच्या मुलांना परदेशी टायपोग्राफीच्या पुस्तकाइतकाच हा गठ्ठा उपयोगी पडतो. संगणकावर रोज दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशींनी केला, हे सांगितलं की मुलं अक्षराकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात.

आपल्या जिल्ह्याचा खण स्वतंत्र हवा. आमच्याकडे त्यात पिंगुळीच्या चित्रकथीची छायाचित्रं आहेत. ठाकर समाजाची ती पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. एकेक चित्र समोर धरून कथा गायची. सावंतवाडीच्या गंजिफाचा एक दशावतारी संचही आहे, दहा रंगांचे १२० गोल पत्ते. पत्ते पुस्तकाच्या कपाटात राहत नाहीत, त्यांना झाकणाची लाकडी पेटी लागते. संच हाती येताच आणि दर वेळी परत येताच पत्ते मोजायचे. आणि सावळाराम हळदणकर. हातात दिवा घेतलेल्या, बोटांतून उजेड झिरपणाऱ्या त्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. ते रविवर्म्याचं आहे असं अर्धा देश समजतो. आमच्या एका विद्यार्थिनीनेही निबंधात तेच लिहिलं होतं. हळदणकर सावंतवाडीचे, आणि ती मुलगी त्यांच्याच तालुक्यातली. चूक तिची नव्हती, आमच्या कपाटात तेव्हा त्यांच्यावरचं एकही पान नव्हतं.

मराठीतली पुस्तकं थोडी आहेत, म्हणून एकही सोडू नका. साप्ताहिक विवेकच्या शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड टेबलावरच असायला हवा, तो घरी द्यायचा नाही. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ निदान तीन प्रतींत घ्या, कारण चित्रकार स्वतः मराठीत विचार कसा करतो ते त्यात वाचायला मिळतं. द. ग. गोडसे यांची सगळी पुस्तकं घ्या. चित्रकार म. वि. धुरंधर यांचं ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ १९४०चं, जुन्या जे. जे.चं आतून घडलेलं दर्शन.

बाकी तंत्राची पुस्तकं, म्हणजे शरीररचना, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग), शिल्पाचे साचे, शिक्षकांना विचारून घ्यावीत. ती झिजतात, तेव्हा साध्या आवृत्तीच्या दोन प्रती महागड्या एका प्रतीपेक्षा बऱ्या.

ऑर्डर लिहिताना आवृत्ती, छपाईचं वर्ष, पानं आणि रंगीत चित्रांची संख्या लिहा. एका पुरवठादाराने आम्हाला नाव तेच, लेखक तोच, पण आतली सगळी चित्रं काळी-पांढरी अशी प्रत पाठवली होती. कोटेशनमध्ये ‘रंगीत’ हा शब्द नव्हता, त्यामुळे परत करता आली नाही. विदेशी पुस्तकाला चलनाचा कोणत्या तारखेचा दर लागेल तेही ऑर्डरमध्येच असू द्या. खोकं आलं की बिल पास करण्याआधी प्रत्येक पुस्तक पान न् पान उलटा: कोरं पान, उलटा बांधलेला फर्मा म्हणजे पानांची जुडी, हललेला रंग.

मग शिक्का. आपला हात सवयीने गुप्त पानावर, म्हणजे ग्रंथालयाने शिक्क्यासाठी ठरवलेल्या आतल्या पानावर, जातो. ते पान नेमकं चित्राचं असेल तर थांबा. एका निसर्गचित्राच्या आभाळात आमच्या कॉलेजचा गोल जांभळा शिक्का आहे, माझ्याच हातचा, आणि तो आता निघत नाही. चित्रांच्या पुस्तकात शिक्का फक्त मजकुराच्या पानावर, चित्राच्या पाठीवरही नाही. दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात चित्रांची संख्या लिहा, म्हणजे पुस्तक परत आल्यावर मोजता येतं. ब्लेडने पान कापलं जातं ते शिवणीजवळ, इतकं सफाईने की पुस्तक मिटलेलं असताना कळत नाही. यावर दमदाटीपेक्षा एक स्कॅनर जास्त उपयोगी पडला. चित्र घरी नेता येतं म्हटल्यावर ब्लेड कशाला लागेल? पुठ्ठ्यावरचं जॅकेट फेकू नका, पारदर्शक पॉलिस्टरच्या वेष्टनात ठेवा. सेलोटेप तर विभागात नकोच. आणि बाइंडरकडे पाठवताना स्वतः जा. नेहमीचा बाइंडर कडा कापून सरळ करतो, शिवण आत घेतो, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध अर्धा इंच गिळलं जातं. ‘कापणी नाही’ असं पुस्तकाच्या चिठ्ठीवर लिहा आणि तोंडीही सांगा.

ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात ७०० ते ७७० आपल्या हाताखालचं आहे. शिल्प ७३०, व्यंगचित्र ७४१.५, रंगचित्र ७५०, छायाचित्रण ७७०. एकाच ठिकाणी विचार करा: एका चित्रकारावरची पुस्तकं लेखकाच्या नावाने लावली तर गायतोंडे तीन फळ्यांवर विखुरतात. ग्रंथांक, म्हणजे वर्गांकानंतरची अक्षरांची खूण, चित्रकाराच्या नावावरून द्या. नावाची एकच पक्की नोंद ठरवा आणि बाकी रूपांवरून तिकडे वळवा. ‘व्ही. एस. गायतोंडे’ आणि ‘वासुदेव गायतोंडे’ शोधणारा एकाच जागी पोहोचला पाहिजे. हळदणकर तर बाप-लेक दोघेही चित्रकार, सावळाराम आणि गजानन. आडनावावर थांबलात तर दोघांची चित्रं एकत्र होतील.

स्कॅनिंगची हद्द आधी समजून घ्या. आपल्या कायद्याने चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६मध्ये गेले, धुरंधर १९४४मध्ये. त्यांची चित्रं खुली आहेत. एम. एफ. हुसेन २०११मध्ये गेले, त्यांचं चित्र कॉलेजच्या कॅलेंडरवर छापता येणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७पासून हक्क संपलेल्या लाखो चित्रांच्या प्रतिमा मुक्त केल्या आहेत. त्या मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावायला हरकत नाही.

शेवटी खोली. मोठं टेबल, त्यावर हिरवं जाड कापड, पुस्तक पूर्ण उघडून शिवण ताणू नये म्हणून दोन बाजूंना फोमचे उतरते ठोकळे. शाईचं पेन बाहेर, पेन्सिल आत. दाराशी बेसिन, साबण आणि रोज बदललेला टॉवेल, कारण मुलं थेट वर्गातून येतात आणि त्यांच्या नखांत रंग असतो. भिंतीवर एक फूटपट्टी उभी-आडवी रंगवून घ्या. पुस्तकात सगळी चित्रं सारख्याच आकाराची दिसतात. खाली दिलेलं माप वाचून पट्टीवर बोट ठेवलं की पोस्टकार्डएवढं लघुचित्र आणि माणसाहून उंच कॅनव्हास यांतला फरक मुलाला उभ्या उभ्या कळतो. उद्घाटनाच्या दिवशी टेबलावर कोणतं पुस्तक उघडं ठेवायचं ते आदल्या संध्याकाळी ठरवून जा. आमच्याकडे हळदणकरांच्या त्या चित्राचं पान होतं, शेजारी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: जलरंग, चित्रकार सावंतवाडीचे.