जेलवरचे दोन बँड

प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले तेव्हा हातात पहिलं काम आलं ते झेब्राफिशच्या एका जीनचं. दुसऱ्या लॅबकडून आलेलं प्लाझ्मिड, म्हणजे बॅक्टेरियात वाढवता येणारा डीएनएचा गोल तुकडा, होतं. वेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारा सांगाडा, पीसीएस२+; त्यात जीन आणि जीनच्या शेपटाला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन. त्यावरून आरएनए बनवायचा, अंड्यात टोचायचा, दुसऱ्या दिवशी पिल्लू हिरवं चमकलं की प्रोटीन तयार झालं. ऐकायला सोपं!

प्लाझ्मिड बहुधा अगारमध्ये खुपसलेल्या बॅक्टेरियाच्या रूपात येतं. लगेच प्लेटवर स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढून पसरवा. अँपिसिलीन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलन्या उगवतात, त्या उचलू नका. मोठीने प्लाझ्मिडच्या जोरावर औषध फोडून टाकलेलं असतं, म्हणून त्या फुकटात जगतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं. लेबलवरचं जीनचं नावही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. माशांमध्ये बऱ्याच जीनच्या दोन प्रती असतात, ए आणि बी, आणि दोघींची कामं सारखी असतीलच असं नाही.

आरएनए बनवण्याआधी प्लाझ्मिड जीनच्या मागे कापावं लागतं, म्हणजे एसपी६ पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) तिथवर जाऊन थांबतं. सगळे नॉट-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम वापरतात. त्याला डीएनएच्या आठ अक्षरांची खूण लागते, योगायोगाने ती सरासरी ६५,५३६ अक्षरांत एकदा सापडावी. म्हणून जीनच्या आत ती आहे का, हे मी पाहिलंच नाही.

कापलेला डीएनए जेलवर चालवला; तिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, आखूड तुकडा जास्त खाली जातो. एक बँड, म्हणजे एकच तुकडा, हवा होता, दोन आले. डायजेशन, म्हणजे कापणं, अर्धवट राहिलं असेल म्हणून एन्झाइम वाढवलं, रात्रभर ठेवलं. दोनचे दोनच. तरी पुढे गेले. आरएनएचा बँडही खाली होता, ते खापर मी जेलवर फोडलं.

मग तीन आठवडे रोज सकाळी दिवे लागले की टाकीतला नर-मादीमधला पडदा काढायचा, अंडी गोळा करायची आणि पहिलं विभाजन व्हायच्या आत, म्हणजे पाऊण तासात, जमतील तेवढी टोचायची. आरएनएत मिसळलेल्या फिनॉल रेड या रंगाचा लाल ठिपका आत दिसायचा, पण दुसऱ्या दिवशी सगळी पिल्लं अंधारात. कधी सुईला दोष दिला, कधी अंड्यांना.

शेवटी सीनियर ताईने जेलचा फोटो मागितला. "दोन बँडची बेरीज केलीस का?"

केली. बरोबर अख्ख्या प्लाझ्मिडएवढी आली. अर्धवट कापलं गेलं असतं तर पूर्ण लांबीचा बँडही दिसला असता. सिक्वेन्स उघडला तर जीनच्या मधोमध नॉट-वनची दुसरी खूण! पॉलिमरेज तिथेच गळून पडत होतं, जीएफपीपर्यंत पोचतच नव्हतं.

एएसपी७१८ या दुसऱ्या एन्झाइमने कापलं, तेव्हा एकच बँड आला. त्या वेळी शेजारच्या डिशमध्ये नुसत्या जीएफपीचा आरएनएही टोचला. तो चमकला की सुई आणि अंडी ठीक आहेत हे कळतं; पहिल्याच दिवशी टोचला असता तर सुईवर तीन आठवडे संशय घ्यावा लागला नसता.