अमॉक्सिसिलिनमधील अशुद्धी एचपीएलसीवर तपासताना

अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक, आणि एचपीएलसी म्हणजे द्रव दाबाने स्तंभातून ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करण्याचं तंत्र; प्रत्येक घटक आलेखावर एक शिखर म्हणून दिसतो. स्तंभ सी-१८ (कणांवर १८ कार्बनच्या साखळ्या), २५० × ४.६ मिमी, कण ५ मायक्रॉन. प्रवाह मिनिटाला १ मिली, शोधन अतिनील प्रकाशात, २५४ नॅनोमीटरवर. मोबाइल फेज (स्तंभातून वाहणारा द्रव) म्हणजे पीएच ५.० चा फॉस्फेट बफर आणि ॲसिटोनायट्राइल, दोन मिश्रणांत: फेज ए मध्ये ॲसिटोनायट्राइल १ टक्का, फेज बी मध्ये २० टक्के. ग्रेडियंट, म्हणजे बी चं प्रमाण हळूहळू वाढवणं, हवाच. ६-एपीए (६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल) आणि हायड्रॉक्सिफेनिलग्लायसीन या अशुद्धी अगदी सुरुवातीला बाहेर पडतात, डायमर (दोन रेणू जोडून झालेल्या अशुद्धी) मात्र स्तंभाला चिकटून राहतात आणि बी चं प्रमाण वाढल्याशिवाय हलत नाहीत.

३० मिग्रॅ नमुना फेज ए मध्ये विरघळवून २० मिली करा. तुलनेसाठी हेच द्रावण शंभरपट पातळ करा, म्हणजे नमुन्याच्या १ टक्का तीव्रता. आधी ब्लँक (नमुना नसलेलं द्रावण) इंजेक्ट करा, मग अमॉक्सिसिलिन आणि सेफाड्रॉक्सिल (दुसरं प्रतिजैविक) यांचं मिश्रण. दोन्ही शिखरांचं रिझोल्यूशन (ती किती वेगळी दिसतात त्याचं माप) किमान २.० नसेल तर पुढे जाऊ नका.

सर्वांत जास्त घात होतो तो वेळेमुळे. पाण्यात अमॉक्सिसिलिनच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम वलय फुटतं आणि पेनिसिलोइक आम्ल तयार होतं. त्यामुळे नमुना ताजा बनवा, ऑटोसॅम्पलर (कुप्यांतून नमुना आपोआप इंजेक्ट करणारा भाग) ५ अंश सेल्सिअसवर ठेवा. तेच द्रावण पुन्हा इंजेक्ट केल्यावर एखादं शिखर वाढत गेलं, तर ती अशुद्धी बहुधा कुपीतच तयार होतेय. बॅचला दोष देण्याआधी नवा नमुना बनवून पाहा. नमुना गाळत असाल तर गाळणीतून आलेले पहिले २-३ मिली टाकून द्या.

काम संपल्यावर थेट ॲसिटोनायट्राइल सोडू नका, फॉस्फेटचे स्फटिक पंपात अडकतात. आधी १० टक्के ॲसिटोनायट्राइल असलेलं पाणी अर्धा तास सोडा.