घोडा पडला म्हणून ड्रायव्हर दोषी ठरत नाही: हार्नेस रेसिंग बघताना या चुका टाळा

मेलबर्नमधली माझ्या ओळखीची बरीच मराठी मंडळी आता ‘ट्रॉट्स’, म्हणजे हार्नेस रेसिंग, बघायला यायला लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. त्रास होतो तो शर्यत संपल्यानंतरच्या दहा मिनिटांचा. कुठे धक्का लागला, एखादा घोडा बिथरला, की लगेच निकाल लागतो: “त्या ड्रायव्हरला घरी बसवा.” तेव्हा स्ट्युअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, अजून फिल्मसुद्धा लावलेली नसते. त्याच त्या चुका इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता लिहूनच टाकतो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. या शर्यतीत घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो. घोड्यामागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी असते आणि ड्रायव्हर तिच्यात बसलेला असतो. घोड्याने चौखूर उधळायचं नसतं, ठरलेल्या चालीतच धावायचं असतं. ट्रॉटरचे समोरासमोरच्या कोपऱ्यातले पाय जोडीने पडतात, पेसरचे एकाच बाजूचे. ऑस्ट्रेलियात बहुतेक शर्यती पेसरच्या असतात.

आपल्याकडून आलेल्या माणसाची नजर इथे आधी थोडी चुकतेच. सातारा-सांगलीच्या बैलगाडा मैदानात प्रत्येक गाडीला आपला तास, म्हणजे धावायचा ठरलेला पट्टा, असतो. गाडी तास सोडून गेली की ते सगळ्या मैदानाला दिसतं. हार्नेस रेसिंगमध्ये असा कोणाचा तास नसतो. बाहेरून आत येणं, आतून बाहेर निघणं, पुढच्याच्या पाठीमागे आडोसा धरणं हाच खेळ आहे. त्यामुळे “तो आडवा आला” एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आडवं येण्याचा त्याला हक्क आहे. प्रश्न एवढाच, की येताना पुरेशी जागा मोकळी होती का.

सगळ्यात मोठी चूक: परिणाम बघून दोष ठरवणं

ही चूक एकट्याने बाकी सगळ्या चुकांइतकं नुकसान करते.

व्हिक्टोरियातल्या एका गावच्या ट्रॅकवर, हिवाळ्यातल्या एका रात्री, आम्ही सात-आठ जण कुंपणाला टेकून उभे होतो. मोबाईल स्टार्ट होता, म्हणजे गाडीला लावलेल्या फाटकामागून घोडे धावत सुटतात तो. बाहेरच्या नंबरवरचा एक ड्रायव्हर वेगाने निघाला आणि पहिल्या वळणाआधी आतल्या बाजूला, मार्कर पेगजवळ (ट्रॅकची आतली कड दाखवणाऱ्या खुंट्यांजवळ) उतरला. त्याच्या मागचा आतला घोडा चाल मोडून उधळला, त्याची सल्की कलंडली आणि ड्रायव्हर खाली पडला. पब्लिक ओरडलं. माझ्या शेजारच्या मुलाने तेवढ्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलंसुद्धा: याला वर्षभर बंदी पाहिजे. इतरांनी अंगठे दाखवले. नशिबाने पडलेला ड्रायव्हर स्वतःच्या पायांवर उठला आणि घोडाही सुखरूप पकडला गेला.

नंतर स्ट्युअर्डचा अहवाल आला. मी तो ग्रुपवर टाकला आणि शेवटपर्यंत वाचायला लावला. आतला घोडा समोरचा ड्रायव्हर उतरण्याआधीच चुकीचं पाऊल टाकून चाल मोडत होता. समोरून उतरणाऱ्याचं चाक त्याच्यापासून व्यवस्थित पुढे होतं. उतरणाऱ्यावर आरोपच ठेवला गेला नाही. मात्र त्याच शर्यतीत शेवटच्या वळणावर तिसऱ्या ओळीतला एक ड्रायव्हर जागा नसताना आत सरकला होता. त्याच्या मागच्याला लगाम ओढून घोडा आवरावा लागला आणि तो दोन जागा मागे गेला. कोणी पडलं नाही, कोणी ओरडलं नाही, आमच्यापैकी कोणाला ते दिसलंही नाही. निलंबन त्याला झालं.

निष्काळजीपणा असाच मोजायचा असतो. घटनेच्या अलीकडे उभं राहून विचारायचं: त्या जागी एखादा जाणता, सावध ड्रायव्हर असता तर त्याने हेच केलं असतं का? पुढे घोडा पडला की नुसता अडखळला, हे त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. शिक्षा ठरवताना परिणामाला वजन येऊ शकतं, दोष ठरवताना नाही.

माझी सवय सांगतो. पडझड झालेली शर्यत मी पहिल्यांदा लावतो तेव्हा धक्का लागायच्या क्षणी थांबवतो. तिथपर्यंतचाच भाग परत परत बघतो आणि वहीत लिहितो: कोण आधी तिथे होता, कोण सरकला, का सरकला. एवढं कागदावर आल्याशिवाय पुढचा भाग बघत नाही. हे कंटाळवाणं आहे. पण ज्याला पंधरा सेकंदांच्या क्लिपवर एखाद्याच्या रोजीरोटीबद्दल बोलायचं आहे, त्याने एवढा कंटाळा सोसलाच पाहिजे.

एकाच कॅमेऱ्यावर विश्वास

दुसरी माझी डोकेदुखी. टीव्हीवर आणि मोबाईलवर फिरते ती बहुतेक वेळा बाजूने घेतलेली फिल्म. बाजूच्या फिल्ममध्ये कोण किती पुढे आहे हे चांगलं कळतं, पण कोण किती आत सरकला हे जवळजवळ कळत नाही. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये बरोबर उलट. आत-बाहेरची हालचाल स्वच्छ दिसते, पण लांब पल्ल्याच्या लेन्समुळे पुढचं-मागचं अंतर चेपलं जातं. चांगली मोकळी जागा असतानाही पुढची सल्की मागच्या घोड्याच्या नाकावर चढल्यासारखी दिसते. लोक नेमका हाच फोटो काढून, त्यावर लाल गोल करून फिरवतात. दोन्ही कोन शेजारी ठेवल्याशिवाय “जागा नव्हती” असं म्हणूच नका.

अंतर मोजतानाही एक ठरावीक घोटाळा होतो. लोक पुढच्या घोड्याच्या शेपटीपासून मोजतात. पण शेपटीपाशी काही संपत नाही. तिच्यामागे ड्रायव्हर आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं आहेत. मोजायचं ते पुढच्याच्या चाकाच्या मागच्या कडेपासून मागच्या घोड्याच्या पूर्ण पुढे टाकलेल्या पायापर्यंत. पेसर पाय आखडत नाही, लांब टाकतो. त्याचा खूर समोरच्या चाकाला लागला की टायर फुटतो, घोडा चाल मोडतो, आणि मागून येणाऱ्यांना वळायला जागा नसते. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर डोळा तयार झालेल्या माणसाला ही चाकं हिशेबात धरायची सवय नसते. ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

स्लो मोशनबद्दलही बोललं पाहिजे. चांगला पेसर सेकंदाला साधारण १४ मीटर जातो. तुम्ही एकेक फ्रेम पुढे ढकलत बघता तेव्हा असं वाटतं की ड्रायव्हरने आत पाहिलं, विचार केला आणि तरीही उतरला. त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता. मी आधी पूर्ण वेगात बघतो, मग हळू, आणि मत बनवण्याआधी पुन्हा एकदा पूर्ण वेगात. थेट स्लो मोशनवर जाणाऱ्याचं मत मी फारसं मनावर घेत नाही.

“घोडाच आत ओढत होता” हे ऐकून लगेच सोडून देणं, किंवा लगेच हसणं

दोन्ही चूक. काही घोडे खरंच एका बाजूला ओढतात, दमले की जास्तच. वळणावर हे अधिक उठून दिसतं. ऑस्ट्रेलियात घोडे डाव्या हाताने वळतात, तर ऑकलंडच्या अलेक्झांड्रा पार्कवर उजव्या हाताने. एका दिशेला सरळ धावणारा घोडा दुसऱ्या दिशेला त्रास देऊ शकतो.

अशा वेळी मी घोडा बघत नाही, हात बघतो. घोडा सरकायला लागल्यावर ड्रायव्हरने विरुद्ध बाजूचा लगाम घेतला का? घोड्याला पुढे हाकणं थांबवलं का? थांबवलं असेल, जोर लावून सरळ करायचा प्रयत्न केला असेल आणि तरीही धक्का लागला, तर मी त्याला दोष देणार नाही. घोडा आत घुसतोय आणि हा मात्र लगाम हलवत पुढेच हाकतोय, तर मात्र सबब ऐकून घ्यायची गरज नाही. आणि घोडा ओढतो हे त्याला आधीपासून ठाऊक असेल, तर त्याच्याकडून काळजीची अपेक्षा वाढते, कमी होत नाही.

कलमांची खिचडी

ऑस्ट्रेलियन हार्नेस रेसिंग रूल्सच्या १६८(१) मध्ये निष्काळजी, बेदरकार, अकुशल, अयोग्य आणि दुष्ट हेतूने केलेलं ड्रायव्हिंग वेगवेगळं मांडलंय. १६३(१)(ए) मध्ये पुरेशी जागा नसताना दुसऱ्याला आडवं जाणं, ढकलणं किंवा अडथळा आणणं, किंवा त्याला हातभार लावणं येतं. ‘हातभार’ विसरू नका. धक्क्याला दोघं-तिघं मिळून कारण असू शकतात, आणि “एकाचीच चूक शोधा” हा हट्ट बऱ्याच वेळा खोट्या उत्तराकडे नेतो. पुढचा आत येतो, मधला बाहेरच्याचा दाब सोसत असतो आणि आतला मोकळी होत नसलेली फट धरून बसतो. अशा वेळी प्रत्येकाची हालचाल वेगळी लिहून काढावी लागते.

निष्काळजी आणि बेदरकार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लक्ष कमी पडलं, अंदाज चुकला, तर तो निष्काळजीपणा. धोका समोर दिसत असूनही तसंच रेटलं, तर बेदरकारपणा. दुसरा शब्द रागाच्या भरात वापरू नका. तो माणसाच्या नावाला चिकटतो.

तिसरी गोष्ट म्हणजे डावपेच. ड्रायव्हर आडोशाशिवाय बाहेर, ज्याला इथे ‘डेथ सीट’ म्हणतात तिथे, अर्धी शर्यत बसून राहिला आणि तुमचा घोडा दमला. हे निष्काळजी ड्रायव्हिंग नव्हे. घोड्याला जिंकायची पुरेशी संधी दिली का, हा १४९ चा विषय आहे आणि त्याची कसोटी वेगळी आहे. तुमचे पैसे बुडाले हा तर कुठल्याच कलमाचा विषय नाही. हरलेल्या तिकिटावरून ड्रायव्हरला शिव्या लिहिणारे लोक बघितले की मला संताप येतो. ती माणसं पहाटे तबेल्यात असतात आणि रात्री उशिरा घोड्यांची वाहनं हाकत घरी जातात.

काही छोट्या चुका, पटापट

घोड्याचा क्रमांक मागे टाकला म्हणजे ड्रायव्हर दोषी, असं नाही. निकाल बदलणं आणि माणसावर आरोप ठेवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एक होऊन दुसरा न होणं नेहमीचं आहे.

न्यूझीलंडचा निर्णय ऑस्ट्रेलियातल्या वादात जसाच्या तसा फेकू नका. तिकडे निष्काळजीपणाचं कलम ८६९(३)(बी) आहे. १ जुलै २०२१ पासून तिथली व्यवस्था रेसिंग इंटिग्रिटी बोर्डाकडे आहे आणि स्ट्युअर्डनी ठेवलेल्या आरोपावर निर्णय वेगळी समिती देते. ऑस्ट्रेलियात स्ट्युअर्डच चौकशी करतात, आरोप ठेवतात आणि निर्णयही देतात. ते पटलं नाही तर अपील. व्हिक्टोरियात ते व्हिक्टोरियन रेसिंग ट्रायब्युनलकडे जातं.

“शंभर टक्के पुरावा कुठे आहे?” असं विचारू नका. हा फौजदारी खटला नव्हे. घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त आहे का, एवढं बघतात. मात्र आरोप जितका गंभीर, तितकं मनाचं समाधान पक्कं हवं. हे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या १९३८ च्या ब्रिगिन्शॉ खटल्यातून आलं आहे. तो घटस्फोटाचा खटला होता, पण रेसिंगच्या सुनावण्यांत त्याचं नाव आजही निघतं.

शेवटच्या सरळ पट्ट्यात स्प्रिंट लेन असेल तर ती आघाडीच्या घोड्यासाठी नसते, मागून आतून येणाऱ्यांसाठी असते. हे माहीत नसताना “आतून घुसला” म्हणून ओरडू नका.

ड्रायव्हर एकमेकांना ओरडून सावध करतात. फिल्ममध्ये ते ऐकू येत नाही. चौकशीत मात्र ते विचारलं जातं.

शिक्षेच्या आठवड्यांवरून चूक मोजणं

“त्याला दोन आठवडे, याला चार, मग याची चूक दुप्पट.” असं गणित चालत नाही. गुन्हा कबूल केला का, आधीचा रेकॉर्ड कसा आहे, तो वर्षात किती शर्यती चालवतो, अडथळ्याची पातळी काय होती, हे सगळं त्यात येतं. भरपूर शर्यती चालवून स्वच्छ रेकॉर्ड राखणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. ओळीने दोन अहवाल ठेवून “पक्षपात” असं लिहायची घाई असते त्यांना मी एकच सांगतो: त्याच ड्रायव्हरचे मागच्या वर्षाचे अहवाल काढा. ते उघड उपलब्ध असतात. प्रत्येक मीटिंगनंतर छापले जातात, फुकट वाचता येतात. एका संध्याकाळी बसून वीस-पंचवीस वाचलेत तर स्ट्युअर्ड कुठल्या शब्दाला काय अर्थाने वापरतात ते कळायला लागतं. “पुरेसा मोकळा नसताना आत आला” आणि “आतून दाब आल्यामुळे बाहेर गेला” ही दोन वाक्यं दोन वेगळ्या माणसांकडे बोट दाखवतात. यूट्यूबवरच्या पाच मिनिटांच्या विश्लेषणातून हे शिकता येत नाही.