युरोपचे बदललेले नियम : फीपेक्षा दिवस मोजायला शिका

‘आता युरोपला जायचं तर व्हिसाशिवाय वेगळे वीस युरो भरून परवानगी काढावी लागणार’ असा मेसेज मला कितीतरी जणांनी पाठवला आहे. माझ्या सासरमाहेरच्या आणि ओळखीच्या अनेकांचे शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या २९ देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, अर्ज मी स्वतः भरले आहेत. त्या अनुभवावरून सांगते, हा मेसेज भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी चुकीचा आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांना, जिथे माणूस खरोखर अडकतो ती गोष्ट माहीतही नसते.

पहिलं काम म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते बघा. वीस युरोंची ती परवानगी म्हणजे एटियास. ज्यांना शेंगेन देशांत अल्पकाळासाठी व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी ती आहे, म्हणजे अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन पासपोर्टवाल्यांसाठी. भारतीय पासपोर्टवर आधीच व्हिसा लागतो, त्यामुळे एटियासचा प्रश्नच येत नाही. आता समजा आई-बाबा पुण्याहून निघणार, अमेरिकन नागरिक झालेला मुलगा न्यू जर्सीहून येणार आणि सगळे पॅरिसला भेटणार. एकाच सहलीत दोन वेगळे नियम लागू होतील. आई-बाबांना व्हिसा, आणि एटियास सुरू झाल्यावर मुलाला एटियास. ती २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होईल असं युरोपियन युनियनने जाहीर केलं आहे. फी आधी ७ युरो ठरली होती, ती २० झाली. १८ वर्षांखालच्यांना आणि सत्तरीपुढच्यांना ती माफ आहे. अर्ज युरोपियन युनियनच्या अधिकृत संकेतस्थळावरच करायचा. ‘आत्ताच नोंदणी करा, नंतर गर्दी होईल’ म्हणणाऱ्या इतर कुठल्याही साइटवर कार्डाचा नंबर टाकू नका.

व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्यांना फी नाही. रुपयांतला आकडा विनिमय दराप्रमाणे बदलतो, म्हणून तो अपॉइंटमेंटच्या आठवड्यात बघा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं. कुरियर, एसएमएस, खास बैठकीची खोली हे सगळं ऐच्छिक आहे. काउंटरवर ते गृहीत धरून पावती फाडत असतील तर ‘नको’ म्हणा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. मे-जूनला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच हालचाल करा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध असलेला, दोन पानं कोरी असलेला आणि दहा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट हवा. एवढं कुणीही सांगतं आणि ते बरोबरच असतं.

गोंधळ सुरू होतो तो व्हिसा हातात आल्यावर.

स्टिकरवर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. त्यांच्या खाली, किती वेळा प्रवेश करता येईल याच्या शेजारी, एक आकडा असतो. तो म्हणजे मुक्कामाचे दिवस. लोक तारखा वाचतात आणि आकड्याकडे बघतच नाहीत. शिवाय स्टिकरवरचे शब्द व्हिसा देणाऱ्या देशाच्या भाषेत असू शकतात. जर्मन व्हिसावर त्या आकड्यापुढे ‘टागे’ लिहिलेलं असतं. ‘टागे’ म्हणजे दिवस.

माझ्या सासूबाई नणंदेकडे जर्मनीला गेल्या तेव्हा त्यांच्या व्हिसावर ५ एप्रिल ते १८ जून अशा तारखा होत्या. आम्ही मूळ तिकीट जूनच्या सुरुवातीचं काढलं होतं. व्हिसा आल्यावर नणंद म्हणाली, ‘वहिनी, तारीख १८ पर्यंत आहे, तर आईला दहा तारखेच्या वाढदिवसाला राहू दे ना.’ एजंटला विचारलं, तो म्हणाला, ‘तारखेच्या आत परत आलं की झालं.’ मी तिकीट १७ जूनचं केलं. मेअखेरीला एका रात्री, विम्याची मुदत वाढवायची म्हणून, मी व्हिसाचा फोटो उघडला आणि तो आकडा दिसला : ६०. एप्रिलचे २६, मेचे ३१, म्हणजे ५७ झाले. उरले तीन. सासूबाईंना ३ जूनपर्यंत शेंगेनच्या बाहेर पडायलाच हवं होतं. नव्या तिकिटाला भरपूर पैसे गेले आणि नातवाचा वाढदिवस त्यांनी दादरच्या घरातून फोनवर बघितला. ते मला आजही लागतं.

तारखा आणि आकडा यांच्यात जो १५ दिवसांचा फरक असतो तो तुमचा प्रवास पुढे-मागे झाला तर सांभाळून घ्यायला दिलेला असतो. तो जादा मुक्काम नव्हे. उतरल्याचा दिवस मोजा, निघाल्याचाही मोजा.

बहुप्रवेश व्हिसा असेल तर हिशेब आणखी एक पायरी पुढे जातो, आणि इथे मीही बराच काळ चुकत होते. नियम असा की कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. पुष्कळ जण समजतात की हे १८० दिवस पहिल्यांदा उतरल्यापासून सुरू होतात, किंवा जानेवारीत सगळं पुन्हा शून्यावर येतं. दोन्ही चूक. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून बघायचं : आजचा धरून गेल्या १८० दिवसांत मी शेंगेनमध्ये किती दिवस होतो? तो आकडा एकदाही ९० च्या वर जाता कामा नये.

हिशेब करून दाखवते. समजा आजी १ मार्च ते १४ मे राहून आल्या, म्हणजे ७५ दिवस. १ जुलैला परत गेल्या तर ते ७५ च्या ७५ मागच्या १८० दिवसांत आहेत. उरले १५. म्हणजे १५ जुलैला निघायलाच हवं. पण त्याच आजी १३ ऑगस्टला गेल्या तर? पंधराव्या दिवशी, २७ ऑगस्टला, बेरीज ९० होते. दुसऱ्या दिवशी १ मार्च हा दिवस १८० च्या बाहेर पडतो, त्याच्या पुढच्या दिवशी २ मार्च. रोज एक नवा दिवस आत येतो आणि एक जुना बाहेर जातो. बेरीज ९० वरच राहते आणि आजींना १० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पूर्ण ९० दिवस, राहता येतं. व्हिसाची मुदत तेवढी हवी, हे अर्थात आलंच. सहा आठवडे उशिरा निघाल्यामुळे १५ चे ९० झाले! म्हणून माझा आग्रह आहे की तिकीट काढण्यापूर्वी कागदावर कॅलेंडर मांडा. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर दिवस मोजायची सोय आहे, तीही वापरा, पण आधी स्वतः मोजा. स्वतः मोजलेलं असेल तर चुकीची तारीख टाकल्याचं लगेच लक्षात येतं.

आणि देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. २९ शेंगेन देशांची बेरीज एकच. बल्गेरिया आणि रोमानियाही १ जानेवारी २०२५ पासून त्यात पूर्णपणे आले आहेत. आयर्लंड, सायप्रस आणि ब्रिटन त्यात धरू नका.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं झालं आहे, कारण मोजणी यंत्राकडे गेली आहे. पूर्वी शिक्का पुसट असला तर अधिकारी पानं उलटत बसायचे. ईईएस ही नवी नोंदणी १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. ती टप्प्याटप्प्याने वाढवत १० एप्रिल २०२६ पर्यंत सगळ्या सीमांवर लागू करायची, असं ठरलं. तिच्यात तुमचं येणं-जाणं संगणकात चढतं, शिक्क्याची जागा ती घेते आणि जास्त राहिलेला माणूस आपोआप दिसतो. नोंद तीन वर्षं राहते. तिला फी नाही, आधी कुठे नाव नोंदवायचं नाही. व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, विमानतळावर चेहऱ्याचा फोटो काढतात. पहिल्या वेळी रांगेत वेळ लागतो, म्हणून पुढचं विमान किंवा रेल्वे असेल तर मध्ये तीन तास ठेवा. बोर्डिंग पास टाकू नका, नोंदीत चूक झालीच तर तोच पुरावा.

दिवस पाळण्याचा फायदाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी केलेल्या नियमानुसार, तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. मात्र पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी.

तिथले स्थानिक कर बजेटमध्ये वेगळे धरा. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर आहे. व्हेनिसला दिवसापुरतं जाणाऱ्यांना ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क पडतं. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, आधी नोंदवलं तर ५ युरो, आयत्या वेळी १०. तिथेच रात्री राहणाऱ्यांना माफी आहे, पण तीही ऑनलाइन नोंदवावी लागते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं तिकीट युरोपबाहेरच्यांना जानेवारी २०२६ पासून २२ ऐवजी ३२ युरो आहे. टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये यातलं काय धरलंय ते लेखी मागा.

आणि व्हिसाचा पासपोर्ट घरी आला की पाकीट उघडून सगळ्यात आधी तो दिवसांचा आकडा वाचा. मी आता तो फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिते आणि शेवटच्या दिवसाभोवती लाल गोल करते. जाणाऱ्याच्या फोनमध्येही त्याच्या चार दिवस आधीचा गजर लावून देते.